दिवाळीत सुरुवात, मृगात बियाणं: गावठाणालगत सामायिक भाजीमळा कसा उभा करावा

जुलैमध्ये विदर्भातल्या गावाला चारही बाजूंनी हिरवं वेढलेलं असतं. सोयाबीन, पऱ्हाटी (कपाशी), मधून तुरीचं तास. त्याच गावातली बाई मात्र आठवडी बाजारातून पावभर वांगी आणि सुकत चाललेली सांभाराची (कोथिंबिरीची) जुडी विकत आणते. आमच्या आजीच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, दोडक्याचा वेल, वाल, चमकुरा (अळू), मुंगना (शेवगा) आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेली पपई असायची. सांदवाडी आता स्लॅबखाली गेली आणि वावरातली भाजी तणनाशकाखाली गेली. ज्यांच्याकडे वावरच नाही, त्यांच्या ताटात तर पावसाळाभर आलू-बेसन फिरत राहतं.

हा लेख आठ घरांनी मिळून चार गुंठ्यांवर भाजीमळा कसा उभा करावा, याबद्दल आहे. मळा असा हवा की दरवर्षी त्याची माती सुधारत जाईल. तिला कमीत कमी उकरायचं, कधी उघडी ठेवायची नाही, वर्षभर तिच्यात कुठलं ना कुठलं जिवंत मूळ राहू द्यायचं आणि एका जागी एकच पीक कोंबायचं नाही. बाकी सगळं या चार गोष्टींतून निघतं.

बहुतेक जण बियाण्यापासून सुरुवात करतात. जून उजाडला की पाकिटं आणतात, जागा नांगरतात, पेरतात आणि ऑगस्टमध्ये तणाला शरण जातात. बियाणं सगळ्यांत शेवटी येतं. मृगात पेरायचं असेल, तर काम आदल्या दिवाळीला सुरू झालं पाहिजे.

आधी माणसं

आठ घरं हा आकडा मी विचार करून सांगतो आहे. चार-पाच असली, तर एका घरी लग्न आणि दुसऱ्या घरी आजारपण निघालं की मळा ओस पडतो. पंधरा झाली, तर प्रत्येक गोष्टीला बैठक लागते. आठांपैकी निदान तीन-चार घरं भूमिहीन असावीत. त्यांना गरज जास्त असते, म्हणून ती टिकतात. गावात महिला बचतगट चालू असेल तर त्यातूनच घरं निवडा. हिशेबाची वही, महिन्याची बैठक आणि एकमेकींचा भरवसा तिथे आधीच असतो.

वेळ ठरवताना मजुरीचा हंगाम पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये बाया निंदणाला जातात, ऑक्टोबरपासून सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी. त्या दिवसांत “सगळ्यांनी दुपारी मळ्यावर या” म्हणणं म्हणजे त्यांची रोजी बुडवणं. आमच्याकडे सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ जमली, आठवड्यातून दोनदा. जड काम, म्हणजे वाफे काढणं किंवा खताची टाकी भरणं, इर्जिकीनं करा: एक दिवस, सगळी घरं आणि शेवटी एकत्र जेवण.

गैरहजेरीला दंड लावू नका. दंडानं गट तुटतात. सावड ठेवा: आज ती आली नाही, तर पुढच्या वेळी ती तुमच्या वाट्याचं पाणी देईल. वहीत लिहून ठेवलं की पुरे.

वाटणीही सुरुवातीलाच लिहा. चार गुंठ्यांत साधारण चाळीस वाफे बसतात. प्रत्येक घराला चार म्हणजे बत्तीस झाले, उरलेले आठ सगळ्यांचे. या आठांची भाजी अंगणवाडीला आणि गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना जाईल, त्यातलीच काही झाडं बियाण्यासाठी राखायची. तोडणीचे दोन दिवस ठरवा आणि तोडणी सगळ्यांसमोर होऊ द्या. भांडण पिकावरून क्वचितच होतं, ते “कोणी कधी तोडलं” यावरून होतं.

जागा

ई-क्लासच्या जमिनीकडे सगळ्यांची नजर जाते, पण तिथून सुरुवात नको. ती सरकारी जमीन आहे, गुरांच्या चराईचा प्रश्न असतो आणि उद्या अतिक्रमणाचा ठपका बसतो. शाळेची, ग्रामपंचायतीची किंवा कोणाची गावालगत पडीक असलेली जागा बघा. सार्वजनिक जागा असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याची नक्कल जपून ठेवा.

खासगी जागेचा मालक बहुतेकदा कचरतो, कारण त्याच्या मनात कूळकायद्याची धास्ती असते. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे आणि त्याच्या आठवणी घराघरांत आहेत. ती भीती हसण्यावारी नेऊ नका. तालुक्याच्या वकिलाकडून मुद्रांकावर लेखी करार करून घ्या आणि मालकाचं घर आठांपैकी एक करता आलं तर उत्तम. मुदत निदान तीन वर्षांची मागा. माती एका वर्षात सुधारत नाही, आणि ती सुधारली की जागा परत जाणार असेल तर कोणी खत घालणार नाही.

जागा घरापासून चालत पाच मिनिटांवर हवी. लांबच्या मळ्यावर पहिल्या महिन्यानंतर कोणी जात नाही. दिवसाला सहा तास ऊन, जवळ विहीर किंवा बोअर आणि पावसाळ्यात पाणी साचत नाही अशी जागा पाहा. यातलं शेवटचं आदल्या पावसाळ्यातच बघून ठेवावं, किंवा शेजारच्या म्हाताऱ्या कास्तकाराला विचारावं.

मातीचा नमुना जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचे खड्डे करून कडेची माती घ्या, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. दुसरी तपासणी तुमची तुम्ही करा: ओल असताना फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल माती काढा आणि त्यातले गांडूळ मोजा. शून्य निघाले तरी वहीत तारखेसह लिहा.

खत: पुसदची टाकी

नाडेप हा शब्द गावात सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण तो माणसाच्या नावावरून आला हे कमी जणांना ठाऊक असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी काडीकचऱ्यापासून टाकीत खत करायची ही पद्धत घडवली. नावातली आद्याक्षरं जोडून ती नाडेप झाली. थोड्या शेणात पुष्कळ खत हे तिचं बळ, आणि गुरं कमी होत चाललेल्या गावाला नेमकं तेच लागतं.

टाकी आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंत नऊ इंची, आणि विटांच्या दर तिसऱ्या थरात हवेसाठी भोकं. अशा टाक्या रोजगार हमीतूनही बांधल्या गेल्या आहेत, तेव्हा ग्रामपंचायतीत आधी विचारा. पैसे नसतील तर चार खांब रोवून बांबूच्या किंवा तुराटीच्या (तुरीच्या वाळक्या काड्यांच्या) तट्ट्या बांधा. पहिल्या वर्षाला तेवढं पुरतं.

टाकी डिसेंबरात भरा. सोयाबीनचं कुटार (भुसा) तेव्हा ढिगानं पडलेलं असतं, विहिरीला पाणी असतं आणि खत एप्रिलपर्यंत हाती येतं. दीड टनाच्या आसपास काडीकचरा आधी गोळा करून ठेवा, कारण भरणं एका दिवसात, फार तर दोन दिवसांत संपलं पाहिजे. आतून भिंतींना शेणाचं पाणी शिंपडा. सहा इंच काडीकचरा दाबून पसरा. चार-पाच किलो शेण सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात कालवून त्यावर शिंपडा. मग पन्नास-साठ किलो कोरडी, चाळलेली माती. पुन्हा काडीकचरा. असे अकरा-बारा थर लावत टाकीच्या वर दीड फूट झोपडीसारखा आकार द्या आणि शेण-मातीनं तीन इंच जाड लिंपून टाका. पंधरा-वीस दिवसांत ढीग खचून काठाच्या खाली जातो. तेव्हा आणखी दोन-तीन थर भरून पुन्हा लिंपा. लिंपणाला भेगा पडू देऊ नका, ओल जाता कामा नये. नव्वद ते एकशेवीस दिवसांत तपकिरी, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचं खत तयार होतं. एका टाकीतून सुमारे तीन टन मिळतं, म्हणजे वीस-पंचवीस वाफ्यांवर इंचभर थर. चाळीस वाफ्यांना दोन टाक्या लागतील.

पऱ्हाटी टाकायची असेल तर बोटभर तुकडे करून टाका, अख्खी कुजत नाही. आणि तिचे ढीग मे-जूनपर्यंत धुऱ्यावर (बांधावर) ठेवू नका, उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. कुटार तणनाशक मारलेल्या वावरातलं असेल अशी शंका आली, तर दोन डबे घ्या. एकात साधी माती, दुसऱ्यात माती आणि ते कुटार. दोन्हींत मोहरी आणि टमाटर पेरा. तीन आठवड्यांत दुसऱ्या डब्यातली रोपं वाकडी, पिवळी किंवा खुरटी दिसली, तर ते कुटार वाफ्यावर आणू नका.

वाफे: इथे आम्ही चुकलो

पहिल्या वर्षी आम्ही सपाट वाफे केले, एखाद्या पुस्तकात असतात तसे सुबक. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस झड लागली. काळी माती फुगली, पाणी खाली जाईना, मेथी आणि पालक मुळातून सडले. मिरची उभी होती, पण पिवळी. आमच्या काळ्या चिकण मातीत पाणी मुरायला फार वेळ लागतो. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून विदर्भात वाफा उंच हवा.

माप सोपं आहे. वाफा तीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यावर पाय ठेवावा लागत नाही. लांबी वीस फूट. मधली वाट दीड फूट. वाट सहा इंच खोदून ती माती वाफ्यावर टाकली की वाफा वाटेपेक्षा नऊ इंच उंच होतो. वाफे उताराला आडवे घ्या, पण पूर्ण समपातळीत नको. वीस फुटांत दोन-तीन इंचांचा उतार ठेवला की जास्तीचं पाणी वाटेतून हळूहळू निघून जातं आणि माती वाहून जात नाही. पातळी बघायला गवंड्याची पाणी भरलेली नळी पुरते. वाटांचं पाणी खालच्या कोपऱ्यात एका खड्ड्यात घ्या. त्याच्या काठावर चमकुरा आणि केळ लावा.

हे काम डिसेंबरात, जमीन वाफशावर असताना करा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचला तर फुटावा. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली तर ढेकळं होतात आणि ती वर्षभर फुटत नाहीत. कुदळीनं माती एकदाच सैल करा, उलथी-पालथी करू नका. हीच शेवटची खोदाई. यानंतर वाफ्यात नांगर, वखर, कुदळ काही नाही, आणि त्यावर कोणाचा पाय नाही, गुरांचा तर नाहीच.

लगेच चार इंच कुटार किंवा गव्हांडा पसरून वाफा झाका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा उघडी माती तव्यासारखी तापते आणि तिच्यातले जीव मरतात. झाकलेल्या वाफ्यात हात घातला की फरक लगेच कळतो. उधळी (वाळवी) लागेल असं सगळे म्हणतात, आणि कोरड्या कुटाराला ती लागतेही. पण तिला मुख्यतः सुकलेला पालापाचोळा हवा असतो. रोपाच्या बुडाशी चार बोटं जागा मोकळी ठेवा आणि आच्छादन अधूनमधून ओलं करा.

कुंपण हा सगळ्यांत मोठा खर्च. शेळ्या आणि मोकाट गुरं तुराटीच्या दाट तट्ट्यानं थांबतात. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर थांबत नाहीत, पण गावठाणाला चिकटून असलेल्या जागेत त्यांचा त्रास कमी, आणि हेही जागा जवळ घेण्याचं एक कारण. पहिल्याच पावसात कुंपणाच्या बाहेरून सागरगोटा आणि करवंद लावा, तीन वर्षांत ते काटेरी होईल. वानरांवर मला पक्का उपाय सापडलेला नाही. त्यांच्या वाटेवर असाल तर टमाटर आणि काकडी कमी करा. अंबाडी, कारलं, मिरची, लसूण वाढवा.

मृग ते दसरा

मेच्या शेवटी वांगी आणि मिरचीचं रोप टाका. खत जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या तोंडावर: आच्छादन बाजूला सारून इंचभर खत पसरायचं आणि पुन्हा झाकायचं. मिसळू नका, ते काम गांडुळांचं.

पहिल्या वर्षी अर्ध्याच वाफ्यांत भाजी घ्या. उरलेल्या अर्ध्यांत बोरू (हिरवळीच्या खताचा ताग) पेरा, वाफ्याला पस्तीस-चाळीस ग्रॅम. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी फुलं दिसायला लागली की विळ्यानं जमिनीलगत कापा, मुळं आत राहू द्या आणि कापलेला बोरू तिथेच आडवा पसरा. घरच्यांना हे पटवणं कठीण जातं. “खायचं सोडून गवत काय पेरता?” असं आम्हाला ऐकावं लागलं. कार्तिकात त्याच वाफ्यांतला पालक बघून ते थांबलं.

भाजीच्या वाफ्यांत प्रत्येकी दोन-तीन पिकं ठेवा. वांग्याच्या दोन ओळी, झाडांत दोन फूट अंतर, म्हणजे वाफ्याला वीस झाडं. मधल्या जागेत आधी चवळाई आणि अंबाडी, ती महिन्याभरात निघून जाते. भेंडीसोबत बरबटी (चवळीच्या शेंगा). दोडका, कारलं आणि वाल एका बाजूच्या मांडवावर. पालेभाजी सगळी एकदम पेरू नका. दर दहा दिवसांनी एक वाफा, नाहीतर एका आठवड्यात ढीग आणि नंतर तीन आठवडे काही नाही.

बियाणं शक्य तितकं गावातूनच मिळवा. म्हाताऱ्या बायांच्या उतरंडीत, राखेत ठेवलेलं वालाचं आणि कोहळ्याचं बी अजून असतं. नागपूरला भरणाऱ्या बीजोत्सवात देशी वाण मिळतात. संकरित पाकिटाचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवत नाही, म्हणून निदान सामायिक आठ वाफे देशी वाणांचे ठेवा.

जीवामृत ही अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी घरोघरी पोचवलेली कृती. त्यांचं माप एकराचं आहे. आपल्या चार गुंठ्यांना, म्हणजे एकराच्या दहाव्या भागाला, वीस लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. सावलीत दोन-तीन दिवस ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा आणि आठवड्याच्या आत वापरा. दहापट पाणी घालून ओल असलेल्या वाफ्यावर द्यायचं, पंधरा दिवसांतून एकदा. हे खताची जागा घेत नाही. माझ्या मते टाकी भरली नसेल तर नुसत्या जीवामृतावर मळा चालत नाही.

कीड आणि शेजारची फवारणी

जूनअखेर झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवा, वर्षभराचं औषध तेच. अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा, दहा लिटर करा, वीस ग्रॅम साधा साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा. मावा, तुडतुडे दिसायला लागताच फवारला तर उपयोग होतो, झाड गुंडाळून गेल्यावर नाही. वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा आत अळी असते. तो शेंडा लगेच खालून कापून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि कामगंध सापळे (नर पतंगांना वासानं ओढून पकडणारे) लावा. वाफ्यांच्या टोकांना झेंडू, कडेला ज्वारी किंवा मका.

ही कडेची ज्वारी आणखी एका कारणासाठी. शेजारी कापूस असेल तर वाऱ्यासोबत फवारा येतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते घाव अजून भरलेले नाहीत. शेजाऱ्याशी आधीच बोला: फवारणीच्या आदल्या दिवशी त्यानं निरोप द्यावा, आणि त्या दिवशी मळ्यावर कोणी जाऊ नये, लहान मुलं तर नाहीच. त्यालाही भाजीची एक जुडी जाऊ द्या.

दसऱ्यानंतर, आणि उन्हाळा

हिवाळा हा इकडचा खरा भाजीचा हंगाम. मेथी, पालक, सांभार, मुळा, गाजर, टमाटर, कोबी, वाटाणा, लसूण. बोरूच्या वाफ्यांत पालेभाज्या, भाजीच्या वाफ्यांत वाटाणा आणि पोपट (एक प्रकारचा वाल) अशी शेंगांची पिकं. या काळात जास्तीची भाजी बाजारात जाते. भाव सगळ्यांनी मिळून ठरवा, पैसे वहीत जाऊ द्या, आणि पहिल्या वर्षी ते वाटू नका. पुढच्या वर्षाचं कुंपण त्यातूनच होतं.

फेब्रुवारीनंतर पाण्याचा हिशेब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. चाळीस वाफे म्हणजे साधारण सव्वादोनशे चौरस मीटर. मेच्या उन्हात भाजीला दिवसाला सहा-सात मिलिमीटर लागतं, म्हणजे रोज दीड हजार लिटर. गावच्या नळाला एक दिवसाआड पाणी येत असताना एवढं भाजीवर घालणं योग्य नाही. उन्हाळ्यात दहाच वाफे चालू ठेवा: ढेमसं, काकडी, चवळाई, घोळ, चिवळ. वेलांच्या मधोमध झिलई न दिलेलं, म्हणजे साधं पाझरणारं मडकं गळ्यापर्यंत पुरून झाकण ठेवा आणि तीन-चार दिवसांनी भरा. बाकी तीस वाफे जाड आच्छादनाखाली झोपू द्या.

दुसऱ्या पावसाळ्यात, ओल असताना, पहिल्या वर्षी खणला होता त्याच्याच शेजारी फूटभराचा खड्डा पुन्हा खणा. गांडूळ मोजा आणि तो आकडा वहीत जुन्या आकड्याच्या बाजूला लिहा. आकडा वाढलेला असेल, दोन्ही टाक्या वेळेवर भरल्या असतील आणि आठही घरं टिकली असतील, तर येत्या दिवाळीला आणखी दोन गुंठे घ्या. यातलं एक जरी नसेल, तर चारच ठेवा.